गुडघे नसलेला हत्ती

"मी ओझं उचलायला तयार आहे, बाबा. मग गाव ते देत का नाही?"

कासमबाबा लिंबाखाली बसले होते. फकिरी घेण्याआधी चाळीस वर्षं ते मठाच्या हत्तिणीचे माहूत होते.

विचारणारा सुधन्वा इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरात शिकून नुकताच गावी परतला होता. गावचं बंद पडत चाललेलं वाचनालय त्याला चालवायला हवं होतं. कालच्या बैठकीत म्हाताऱ्यांनी नकार दिला होता.

"बस ना."

"उभाच बरा आहे."

"बैठकीत काय केलंस?"

"वाचनालयाचं नवं चिन्ह दाखवलं." त्यानं कागद पुढे केला.

"हत्ती?"

"कॉव्हेंट्रीच्या मानचिन्हात आहे. पाठीवर तीन बुरुजांचा किल्ला, तरी ताठ उभा. मी म्हटलं, मला असाच समजा."

"हसले असतील."

"हसले. पेठे मास्तर म्हणाले, मग तुला चारा कोण घालणार?"

बाबाही हसले. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"याला गुडघे नाहीत."

"जुन्या काळी तिकडे तसाच समज होता. बहुतेकांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता. मी मुद्दाम तसं काढलं. न वाकणारा."

"दरवर्षी मिरवणुकीला आमच्या चंपावर अंबारी बांधायचो. ती खाली बसल्याशिवाय चौघांनाही अंबारी चढवता यायची नाही." बाबा कागदाकडेच पाहत होते. "याच्यावर हा किल्ला कुणी चढवला?"

"ते चिन्ह आहे, बाबा. त्यात…"

बाबांनी कागद जमिनीवर ठेवला. शेजारच्या विझलेल्या चुलीतला कोळशाचा तुकडा त्यावर ठेवला.

"तुझा हत्ती आहे. तूच नीट कर."

सुधन्वा कमरेत वाकला. हात पोचला, पण रेघ धड उमटेना. कागद सारखा सरकत होता. त्यानं एकदा आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. मग गुडघे धुळीत टेकले, एका हातानं कागद दाबून धरला आणि हत्तीचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपलेला काढू लागला.

बाबांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. अंबारी चढवण्याआधी चंपाची पाठ तपासायचे, तसं जरा दाबून पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता चढवता येईल."