आयेचा कातळ

कुडखोल वाडीच्या वर, जिथे शेवटची वरकस, डोंगरउताराची जमीन संपते आणि उघडा सडा सुरू होतो, तिथे कातळात परातीएवढा एक खळगा आहे. वैशाखात सड्यावरचं गवत करपून जातं, गुरं सावली सोडत नाहीत, पण या खळग्याचा तळ ओलाच असतो. ते पाणी नव्हे. पांढुरकं, बुळबुळीत काहीतरी असतं आणि वाकलं की आंबट वास येतो. पाहुणे बोट बुडवायला गेले की यमुनाबाई त्यांना आधी खाली बसवते. ही गोष्ट सांगायचा मान वाडीत तिचा. सत्तरी ओलांडली तिने, पण चढण चढताना दम लागतो तो पाहुण्यांना.

हल्ली माणसं येतात ती नाचणीच्या आंबिलीसाठी. कुणाला साखर निघालेली, कुणाचं पोट बिघडलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. प्यायल्यावर सगळे कृती लिहून घेतात. पीठ किती, ताक किती, जिरं कधी. यमुनाबाई सगळं सांगते, आणि मग म्हणते की कृतीने आंबील होत नाही, ती कुणाकडून तरी यावी लागते. पाहुणे हसतात. ती हसत नाही.

फार पूर्वी, किती ते कुणालाच ठाऊक नाही, वाडीत भागी नावाची म्हातारी होती. सगळी वाडी तिला आये म्हणे. तिच्या चुलीशेजारच्या कोपऱ्यात आंबिलीचं मडकं असायचं. ते कधी पूर्ण रिकामं होत नसे. रोज तळाशी थोडं आंबट ठेवायचं, त्यात नवं पीठ कालवायचं, झाकायचं. तेच विरजण. भागीला ते तिच्या सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने. पावसाळ्यात कुणाचं बिघडलं की ती बाई वाटी घेऊन भागीच्या दारात यायची. तान्ह्या पोराचं दूध तुटलं की पहिला घास याच आंबिलीचा. वाडीतली पोरं त्यावरच वाढली, असं सांगतात.

भागीची सून शेवंती. ती खालच्या खाडीकाठची, भातशेतीच्या गावची. माहेरी दोन वेळा भात, आणि सासरी आल्यापासून ही काळी आंबट पेज. नावं ठेवण्यात ती कमी नव्हती, पण कामाला वाघीण होती, म्हणून भागी ऐकून सोडून द्यायची. सुनेला मडक्याजवळ बसवून शिकवायला मात्र तिने चार-पाच वेळा पाहिलं. शेवंतीला दर वेळी दुसरं काहीतरी काम निघायचं.

एका फाल्गुनात भागी गेली. शेवटचे दोन दिवस तिची वाचा बसली होती. ती नुसती कोपऱ्याकडे हात करायची, आणि शेवंती तिला पाणी पाजायची.

सुतक म्हटलं की शिजलेलं टाकायचं, भरलेलं पाणी ओतायचं, मातीची भांडी वाडीच्या हद्दीबाहेर फोडायची. आणि कुडखोलची सगळी घरं एकाच भावकीची, तेव्हा सुतक साऱ्या वाडीला. देवळाजवळचं गुरवाचं घर तेवढं वेगळं, पण त्यांच्याकडे नैवेद्याचा भात, आंबील त्यांनी कधी ठेवली नव्हती. बायका आपापली मडकी घेऊन घुटमळल्या. विरजण टाकायचं का, असं त्यांनी शेवंतीला विचारलं, कारण आता त्या चुलीची ती मालकीण. शेवंती म्हणाली, सुतक ते सुतक, त्यात निवड कसली. तिने आपलं मडकं सर्वांत आधी उचललं, सड्यावर नेलं आणि कातळावर आपटलं. खापऱ्या उडाल्या, आंबट पीठ खळग्यात जमलं. तिच्या मागून सगळ्या वाडीने फोडलं. शेवंती मोकळ्या अंगाने घरी आली. धर्म पाळल्याचं समाधान होतं, आणि दुसरंही एक समाधान होतं, त्याबद्दल ती कुणाला बोलली नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. भागीच्या लेकाने, धाकूने, हात जोडून सांगितलं की घर सांभाळीन. भावांनी सांगितलं की भांडणार नाही. बहिणीला चोळीबांगडी करू, कुलस्वामिनीला जाऊ, सगळं बोलून झालं. कावळे शेवरीवर बसून राहिले. ऊन माथ्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि माणसं खाली मान घालून परतली. बोलली नाही ती फक्त शेवंती.

मग घरात आवाज सुरू झाला. दुपारी सगळीकडे निजानीज असताना चुलीशेजारच्या कोपऱ्यात काहीतरी गोल गोल फिरायचं, ओलं आणि सावकाश, आंबील ढवळताना होतो तसं. शेवंती जाऊन पाही तर कोपरा रिकामा. फक्त जमिनीवर, मडकं बसायचं तिथे, ओलं कडं उमटलेलं. ती शेणाने सारवायची, दुसऱ्या दिवशी कडं पुन्हा वर यायचं. धाकूला ऐकू येत नसे. तो म्हणे, तुला आयेची आठवण येते. शेवंतीला आठवण येत नव्हती, तिला भीती वाटत होती.

चैत्रात तिची दोन वर्षांची लेक चिमी आजारली. पोटात काही ठरेना. भाताची पेज दिली, उलटली. शेळीचं दूध दिलं, उलटलं. वैद्याचा काढा झाला, अंगारा झाला. पोरीचे गुडघे मांड्यांपेक्षा जाड दिसू लागले. जाणत्या बायका म्हणाल्या, आंबील दे, आमची पोरं त्यावरच तरली. पण विरजण कुणाकडेच नव्हतं. शेवंतीने पीठ पाण्यात कालवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी आली. पुन्हा ठेवलं, ते नासलं. चिमी रडायचीही थांबली, तेव्हा शेवंतीला कळलं की आता चार दिवस, फार तर पाच.

त्या दुपारी आवाज कोपऱ्यातून निघाला आणि दाराबाहेर गेला. शेवंती पोरीला धाकूच्या मांडीवर देऊन तशीच अनवाणी निघाली. आवाज पुढे, ती मागे. वरकस संपली, सडा लागला. कातळ तव्यासारखा तापला होता.

खळग्याशी भागी पाठमोरी बसली होती म्हणे. पदर डोक्यावर, उजवा हात खळग्यात, आणि ती ढवळत होती. लाकडी डवली नव्हती, नुसता हात. आजूबाजूला फुटक्या खापऱ्यांचा खच पडला होता, पण खळग्यातलं आंबट भर उन्हात ताजं होतं, त्यावर बुडबुडे येत होते. शेवंती चार पावलांवर थांबली.

"आये," ती म्हणाली, "मी ते नुसतं सुतकापायी नाय टाकलं. मला ते नको होतं. तूपण नको होतीस."

म्हातारीने मागे पाहिलं नाही. हातही थांबवला नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "चिमी जेवते काय?"

तेव्हा शेवंती खाली बसली आणि रडली. सासू गेली तेव्हा ती रडली नव्हती, ते सगळं तेव्हा रडली. पोर मरतेय, असं तिने सांगितलं. भागीने खळग्यातून हात काढला. कातळावर घासून घासून बोटं पेरापर्यंत झिजली होती.

"उचल मग. मी नाय ढवळलं तर वाळंल."

शेवंतीने भांडं आणलं नव्हतं. तिने ओंजळ भरली आणि वर पाहिलं, तर कातळावर कुणी नव्हतं. ओंजळ सांभाळत ती सडा उतरली. बोटांतून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंबाला ती बोटं आणखी घट्ट मिटत होती. घरी पोचली तेव्हा ओंजळीत घोटभर उरलं होतं. गुरवाच्या घरून तिने धाकूकडून कोरं मडकं मागवलं, कारण भावकीत मातीचं एकही शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिमीने दोन चमचे घेतले आणि ते पोटात राहिले. आठवड्याने ती उठून बसली. कोपऱ्यातला आवाज थांबला. मात्र शेवंतीच्या हाताला तेव्हापासून भागीची चव आली. जन्मभर लोक तिची आंबील पिऊन म्हणत, अगदी आयेच्या हातची. शेवंतीच्या हातची असं कुणी म्हटलं नाही, आणि तिनेही ते कधी मागितलं नाही.

ती म्हातारी झाली. श्वास वर लागला तेव्हा चिमी उशाशी बसली होती, तिची स्वतःचीही आता कडेवरची पोरं होती. शेवंतीने तिचा हात झिडकारला.

"माझं तोंड बघत बसू नको. मी हाय तवर ऊठ. मडकं गुरवाकडं ने, सुतक लागायच्या आत."

चिमी हलेना. मग आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. चिमीने मडकं पोटाशी धरलं आणि निघाली. देवळाची वाट तीन वळणांची. दुसऱ्या वळणावर मागून बायकांचा हंबरडा ऐकू आला. सगळ्या वाडीला ऐकू आला, गुरवाच्या घरीही. चिमी थांबली नाही. गुरवीण दारात उभी होती. मेलेल्या घरचं मडकं तिला घेता आलं नसतं, म्हणून तिला विचारणं भाग होतं. तिने विचारलं, "आये कशी हाय तुझी?"

चिमीचे डोळे वाहत होते. ती म्हणाली, "जिती हाय."

गुरविणीने मडकं घेतलं.

आजही कुडखोलमध्ये कुणाचा श्वास लागला की घरची लेक किंवा सून उशाशी बसत नाही. ती मडकं घेऊन देवळाच्या वाटेला लागते. तेराव्यानंतर मडकं परत येतं, आणि त्यातली पहिली वाटी सड्यावरच्या खळग्यात ओततात. गुरविणीच्या दारात तोच प्रश्न विचारतात, हंबरडा ऐकू आला असला तरी. उत्तरही तेच देतात.

एखादा पाहुणा विचारतो की आजी, तुम्हीही नेलं होतंत का? यमुनाबाई म्हणते, नेलं होतं, एकवीस वर्षांची होते. आईचं तोंड पाहिलं नाही. मग ती उठते, पदर खोचते आणि सगळ्यांना आंबील प्यायला खाली घेऊन जाते.