मधला उंचवटा

“कोल्हापूरपासून सांगलीपर्यंत गाडीचा पत्रा माझ्याइतका ओळखणारा दुसरा माणूस दाखवा,” दिग्विजय म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे तुम्ही सोडून. आणि तुमचा थोरला जावई सोडून. पण सांगा ना चाचा, ही गाडी ओढतात पुढची चाकं. मागची चाकं फिरवायला इंजिनापासून शाफ्टचा दांडा जातच नाही. मग गाडीत मधोमध हा उंचवटा कशाला?”

हमीदचाचा पाटावरच्या हातोडीला झेंडूचं फूल वाहत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खंडेनवमी होती. जयसिंगपूरच्या त्या गॅरेजात या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडत, हळदकुंकू लावत, आणि दसरा उजाडेपर्यंत एकालाही हात लावत नसत. चाचा आडनावानं मुजावर, पण नारळ त्यांच्याइतका सरळ पेठेत कुणाला फुटत नसे. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर रजेवर असताना. तरी लोक उस्ताद म्हणत, आणि चाचांनी ते कधी खोडून काढलं नाही.

दिग्विजय त्यांचा शागीर्द. नाव ठेवताना आईबापांनी जरा घाईच केली होती.

गाडी त्याच्या दाजींची. सकाळी ठेवून गेले, जाताना म्हणाले, “संध्याकाळी नेतो. ताई तुझी, उंचवटा तुझ्या डोळ्यांत खुपतो, तर तूच काढ. जमत नसेल तर आत्ताच सांग.”

ताईला सातवा महिना. मागच्या सीटवर सासू आणि सासऱ्यांच्या मधे तिची जागा. पाय त्या उंचवट्यावर, गुडघे पोटाशी. गेल्या रविवारी ती गाडीतून उतरली, ती दाराला धरून नुसती उभीच राहिली होती.

दिग्विजयनं शब्द दिला होता. संध्याकाळपर्यंत सपाट.

“सांगा ना.”

“तुला काय वाटतं?”

“कंपनीचा आळस. खालून सायलेन्सरचा पाइप जातो, हँडब्रेकच्या केबली जातात. त्या मी बाजूनं फिरवतो. मग उरलं काय? पोकळी. रिकाम्या हवेवर झाकण घातलंय.”

“खरं आहे,” चाचा म्हणाले. “पोकळीच आहे.”

दिग्विजय वाद घालायच्या तयारीत होता. आता त्याला हात कुठं ठेवावेत कळेना.

“मग कापू?”

“काप.”

“आज?”

“शब्द तू दिलायस. मी काय सांगू…”

तो पाटाजवळ गेला. कटर उचलला. वरचं फूल घरंगळून खाली पडलं. मुठीवरचं कुंकू तळव्याला लागलं.

चाचा परातीतल्या चिरमुऱ्यांत खोबरं कालवत राहिले.

गाडीतला गालिचा त्यानं आधीच काढला होता. तो गुडघ्यांवर आत शिरला. बटण दाबलं. पातं फिरायला लागलं. चाचा आता ओरडतील, म्हणून त्यानं वाट पाहिली.

चाचा ओरडले नाहीत.

पातं पत्र्यापासून वीतभर अंतरावर आलं. मग चार बोटं.

“दिगू.”

“काय?” कटर बंद करायला त्याला फारच कमी वेळ लागला.

“प्रसाद घे. मग काप.”

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तो बाहेर आला. चाचांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा फाडून दिला.

“या हातांवर प्रसाद घेतलास तर चिरमुऱ्यांना ग्रीसचा वास येईल. कागदावर घे.”

त्यानं कागद एका कडेनं धरला. चाचांनी मूठभर चिरमुरे वर टाकले. कागद पुढून लवला, चिरमुरे घसरायला लागले. दिग्विजयचा अंगठा आपसूक मधे गेला. कागदाला मधोमध दुमड पडली, आणि कागद ताठ झाला.

“मधे काय केलंस हे?”

“दुमडला. सांडत होतं.”

“दुमडीखाली काय आहे?”

दिग्विजयनं वाकून पाहिलं. खरोखरच वाकून पाहिलं.

“काही नाही.”

चाचांनी एक बोट पुढं केलं आणि ती दुमड दाबून सपाट केली.

कागद मान टाकल्यासारखा लवला. सगळा प्रसाद जमिनीवर, ऑइलच्या डागांत.

दिग्विजय बघतच राहिला. परातीतलं खोबरं नाहीसं केल्याबद्दल त्यानं चाचांचा मार खाल्ला होता. पण प्रसाद मुद्दाम सांडताना चाचांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं खाली बसून एकेक चिरमुरा वेचला. वेचता वेचता नजर गाडीच्या उघड्या दारातून आत गेली. मागची सीट. मधली जागा. तिथं बसलेली ताई, पायाखाली दुमड नसलेला पत्रा, आणि महामार्गावर मागून येणारे उसाचे ट्रक…

तो उठला. कटर पाटावर ठेवला. फूल पुन्हा वर ठेवलं.

“मग ताईनं पाय कुठं ठेवायचे?” आवाज बराच खाली आला होता.

“पुढं दाजींच्या शेजारी कोण बसतं?”

“त्यांचा धाकटा भाऊ.”

“त्याचे पाय दुखतात?”

“नाही.” दिग्विजय घुटमळला. “त्याला खिडकीचा वारा हवा असतो.”

चाचांनी नुसतं “हं” केलं.

बाहेर मोटरसायकल थांबली. दाजींचा आवाज आला, “झालं का रे?”

दिग्विजयचा चेहरा उतरला.

“बहिणीचं सासर आहे ते, चाचा. ताईला पुढं बसवा, असं दाजींना तोंडावर कसं सांगू?”

चाचांनी परात उचलली. दाजींसाठी मूठभर प्रसाद बाजूला काढला.

“म्हणून पत्रा कापणार होतास?”