तुरतुऱ्या मामाची शेंग आणि ढवळीचा गुडघा

एक होती खार. नाही नाही, चुकलं! एक होता मामा. खारीच्या बाळाचा मामा. एवढासा! त्याचं नाव तुरतुऱ्या. मामा चालायचा कसा? तुरु तुरु, तुरु तुरु.

आज बाळाचं उष्टावण होतं. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. आजवर बाळ नुसतं दूध प्यायचं. आज दाणा खाणार! आणि पहिला घास भरवायचा कुणी? मामानं! खारींच्यातही असंच असतं, बरं का.

मामानं शेंग आणली होती. साधीसुधी नाही. तीन दाण्यांची! कालच लपवून ठेवली होती. कुठे लपवली? हौसाक्काच्या गाडीत!

हौसाक्काची गाडी जुनी. उंच, पांढरी, मोठ्ठी. नाव तिचं ढवळी. अंगणात जांभळाच्या झाडाखाली उभी. मामा तिच्या पुढच्या चाकावर चढला. फट बघितली. शेंग आत सरकवली. सुर्रर्र... टप्प! शेंग गेली थेट खाली. शॉकअपच्या वाटीत.

शॉकअप म्हणजे काय? गाडीचा गुडघा! खड्डा आला की वाकतो. खड्डा गेला की ताठ होतो.

सकाळी मामानं फटीत पंजा घातला. पुरेना. शेपटी घातली. पुरेना. वर झाडावर बाळ ओरडलं, "चिक चिक! मामा, घास!"

मामाचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला,
"शॉकअपआजोबा, शॉकअपआजोबा, शेंग द्या ना! बाळ उपाशी!"
शॉकअपआजोबा फार म्हातारे. त्यांचं तेलसुद्धा गळून गेलेलं. ते म्हणाले,
"मी नाही देत जा! मी इथे अडकलोय. नट सुटेल, तर मी निघेन."

मामा गेला नटाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"नटभाऊ, नटभाऊ, सुटा ना!
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
नट गंजून लाल झाला होता. म्हणाला,
"मी नाही सुटत जा! पाना फिरेल, तर मी सुटेन."

पाना भिंतीवर, खिळ्याला टांगलेला. मामा गेला भिंतीवर. तुरु तुरु, तुरु तुरु.
"पानेदादा, पानेदादा, फिरा ना!
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
"मी नाही फिरत जा! मध्ये चाक आहे. चाक हलेल, तर मी फिरेन."

मामा गेला चाकाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"चाकोबा, चाकोबा, हला ना!
पाना फिरेना,
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
"मी नाही हलत जा! अख्खी ढवळी माझ्यावर बसलीय. जॅक उचलेल, तर मी हलेन."

जॅक डिकीत घोरत होता. गोणपाट पांघरून! मामा गेला डिकीत. तुरु तुरु, तुरु तुरु.
"जॅकराव, जॅकराव, उचला ना!
चाक हलेना,
पाना फिरेना,
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
"मी नाही उचलत जा! मी एकटा. घसरलो म्हणजे? ठोकळा शेजारी बसेल, तर मी उचलेन."
शहाणाच हो जॅक! एकट्यानं असलं काम करूच नये.

मामा गेला ठोकळ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"ठोकळेबुवा, ठोकळेबुवा, गाडीखाली बसा ना!
जॅक उचलेना,
चाक हलेना,
पाना फिरेना,
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
"मी नाही बसत जा! माझ्यावरच हौसाक्का बसलीय. हौसाक्का उठेल, तर मी बसेन."

मामानं वर बघितलं. खरंच की! ठोकळ्यावर हौसाक्का. हनुवटीला हात. चहा गार झालेला. शेजारचे नाना सकाळीच म्हणून गेले होते, "हौसाक्का, भंगारात घाल ती गाडी!" अक्काला फार वाईट वाटलं होतं. तिनं तर ढवळीसाठी दोन नवे शॉकअप आणले होते. ओसरीवर ठेवले होते, कागदात गुंडाळून.

मामा तिच्या पायाशी गेला. तुरु तुरु, तुरु तुरु.
"अक्का, अक्का, उठा ना!
ठोकळा बसेना,
जॅक उचलेना,
चाक हलेना,
पाना फिरेना,
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
"मी न्हाई उठत जा! ही ढवळी रस्त्यावर कुरकुरते आणि अंगणात आली की गप्प! कुठला गुडघा दुखतोय सांगतच न्हाई. ढवळी बोलेल, तर मी उठेन."

मामा दमला. पण थांबला का? छे! मामा गेला ढवळीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"ढवळीबाई, ढवळीबाई, बोला ना!
हौसाक्का उठेना,
ठोकळा बसेना,
जॅक उचलेना,
चाक हलेना,
पाना फिरेना,
नट सुटेना,
शॉकअप निघेना,
शेंग मिळेना,
बाळ उपाशी!"
ढवळी हळूच म्हणाली,
"मी नाही बोलत जा! दुखतंय म्हणाले, तर मला भंगारात घालतील."
"अगं वेडे!" मामा म्हणाला. "अक्कानं तुला नवे गुडघे आणलेत. ओसरीवर आहेत!"
"खरंच?"
"माझ्या शेपटीची शपथ!"
"मग माझं नाक दाब. नाक दाबलं, तर मी बोलेन."

आता आली का पंचाईत! ढवळीचं नाक म्हणजे तिचं बॉनेट. ते केवढं! मामा केवढा! पण मामा नाकावर चढला. उडी मारली. टुणुक! काही नाही. टुणुक टुणुक! काही नाही. टुणुक टुणुक टुणुक! काही नाही.

मामा झाडावर चढला. वर. आणखी वर. डोळे घट्ट मिटले. आणि...

धप्प!

"कुईं!" ढवळी बोलली.

इवलासा आवाज. पण हौसाक्काचे कान ते! तिनं चहा खाली ठेवला. "अगं बया! पुढचा डावा गुडघा!"

हौसाक्का उठली.
ठोकळा बसला. धप्!
जॅकनं उचललं. कर्र कर्र कर्र!
चाक हललं. गर गर गर!
पाना फिरला...

आणि नट? नट सुटेचना! गंजलेला ना तो!

दुसरं कुणी असतं, तर हातोडा घेतला असता. हौसाक्कानं नाही घेतला. ती चिडलीसुद्धा नाही. तिनं तेलाची बुधली आणली. टिप टिप, टिप टिप. "पी बाबा," म्हणाली. "सावकाश पी." आणि बसून राहिली.

ऊन ओसरीवरून अंगणात गेलं. अंगणातून कुंपणावर गेलं. वर बाळ रडायला लागलं. "चिक चिक! मामा, घास!" मामा एकदा वर बघे, एकदा खाली बघे.

मग हौसाक्का उठली. पाना लावला. कुर्र... कुर्रर्र...

नट सुटला!
शॉकअप निघाला!
आजोबांना तिनं आडवं निजवलं. आणि वाटीतून काय पडलं? टप्प!

"शेंग? माझ्या गाडीत शेंग?" हौसाक्कानं वर बघितलं. मामा पंजे जोडून उभा. कान पडलेले. अक्का हसली. शेंग पदराला पुसली. त्याच्यासमोर ठेवली. "घे रे लबाडा! तू उडी मारलीस म्हणून तर दुखणं सापडलं."

मामा निघाला! तुरु तुरु तुरु तुरु, थेट झाडावर. शेंग फोडली, कट्ट! पहिला दाणा मामानं बाळाला भरवला. बाळानं तोंड वाकडं केलं. मग डोळे मोठ्ठे केले. मग चावलं. कुट कुट, कुट कुट. सगळ्या खारी ओरडल्या, "चिक चिक चिक! खाल्लं गं खाल्लं!" मामाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसरा दाणा बाळाच्या आईला. आणि तिसरा? तो मामानं गालात ठेवला.

खाली हौसाक्का काम करतच होती. डावा गुडघा नवा. मग उजवाही नवा! एकच बदलला तर ढवळी लंगडेल की! चाकं बसवली. जॅक खाली घेतला. ढवळी आपल्या पायांवर उभी राहिली, तेव्हाच अक्कानं शेवटचा बोल्ट आवळला. हात काळे, नाक काळं. मामा फांदीवरून बघतच राहिला. केवढी हुशार अक्का!

ढवळी निघाली. फाटकापाशी खड्डा होता. रोज तिथे खडाम्! आज? झुप्. बस्स, एवढंच. झुप्!

नाना धावत आले. "अरेच्चा! नवी गाडी घेतलीस, हौसाक्का?"
"न्हाई हो नाना," हौसाक्का म्हणाली. "माझी ढवळीच ती!"
आणि ढवळीनं जोरात भोंगा वाजवला. पों पों!

हौसाक्का घरी आली. चहा केला. ठोकळ्यावर बसायला गेली. ठोकळ्यावर काय? एक दाणा! अक्कानं वर बघितलं. फांदीवरून एक गोंडेदार शेपटी हलली. अक्कानं दाणा तोंडात टाकला आणि गरम गरम चहा प्यायली.

शेंग फुटली कट्ट,
खड्डा झाला मठ्ठ,
आता डोळे मिटा बघू घट्ट!