साकवाची बातमी

“मग तेव्हा मला मारलं का नाही, गुरुजी?”

गुरुजींनी चष्मा काढून तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

मी शाळेच्या ओट्यावर पताका चिकटवत बसले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या सावरटेकच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. प्रमुख पाहुणे एक दिवस आधीच आले आणि गाडीतून उतरून सरळ पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे गेले. नमस्कार झाला, तब्येत विचारून झाली, आणि मग हा प्रश्न.

पाहुणे म्हणजे दौलत भोइटे. रोज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर बातम्या सांगतात ते. सातवीपर्यंत याच शाळेत होते.

पायरीवर बसलेले जगदाळे गुरुजी. नोकरी संपून सव्वीस वर्षं झाली, तरी सकाळच्या परिपाठाला येतात. कुणी बोलावत नाही, कुणी नको म्हणत नाही.

मी इथली मुख्याध्यापिका, ठकू कोकरे. दारावर पाटी आहे म्हणून मुख्याध्यापिका म्हणायचं. शिक्षक दोन, पोरं एकतीस. मीही गुरुजींचीच विद्यार्थिनी. दौलत भोइटे सातवीत होते तेव्हा मी पाचवीत होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

“नखं वाढली म्हणून तुम्ही मला निरगुडीच्या छडीनं फोडलंय,” ते म्हणाले. “पाढा चुकला म्हणून फोडलंय. आणि एवढी मोठी थाप मारली, तर नुसते बघत राहिलात.”

“कुठली थाप?” मी विचारलं.

ते माझ्याकडे वळून हसले. टीव्हीवर हसतात तसंच.

“बाई, त्या काळी परिपाठाला बातम्या सांगायचं काम माझ्याकडे होतं.”

ते मला सांगायची गरज नव्हती. गावात पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, तोही आदल्या दिवसाचा. रेडिओ भोइट्यांच्या घरी. दौलत सकाळच्या बातम्या रेडिओला कान लावून ऐकायचा, पाटीवर टिपायचा आणि आम्ही बसकरांवर ओळीनं बसलो की खणखणीत आवाजात सांगायचा. कुठं पूर आला, कुठं गाडी रुळावरून घसरली. ती गावं कुठल्या दिशेला आहेत हेही आम्हाला माहीत नसायचं, पण त्याच्या आवाजानं शेंबडी पोरंसुद्धा गप्प व्हायची. मग तो त्या बातम्या फलकावर लिहायचा. अक्षर असं, की पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. वाचता येत नसलं तरी.

“एके दिवशी रेडिओचे सेल संपले,” ते सांगत होते. “आज बातमी नाही, असं म्हणायचं जिवावर आलं. म्हटलं, आपणच एक करू. उभा राहिलो आणि दिलं ठोकून. आपल्या ओढ्यावर साकव मंजूर झाला आहे, याच वर्षी काम सुरू होणार!”

माझ्या हातातली पताका हातातच राहिली.

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पायपूल. शाळा ओढ्याच्या अलीकडे, आमची धनगरवाडी पलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतली पोरं चार महिने घरी. मुली तर चौथीनंतर कायमच्याच घरी.

ती बातमी मला शब्दाशब्दानं पाठ होती.

त्याच दिवशी माझे आबा माझं नाव काढायला शाळेत आले होते. माझी चौथी झाली होती. घरी शेरडं होती, पाठचा भाऊ रांगत होता. परिपाठ संपायची वाट बघत आबा भिंतीला टेकून उभे होते. दौलतची बातमी संपली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आबा गुरुजींजवळ गेले आणि म्हणाले, “साकव हुतोय तर ऱ्हाऊ द्या नाव.” एवढं बोलून ते शेरडांमागं निघून गेले.

साकव झाला. पण तीन वर्षांनी. सरकारी काम असंच चालतं, असं आम्ही समजत होतो.

ती बातमी दौलतनं मनानं रचली होती, हे मला आज कळत होतं.

“उद्याच्या भाषणात हे सांगणार आहे,” दौलत भोइटे म्हणाले. “जाहीर कबुली. लोकांना आवडतं.”

“काय आवडतं?” गुरुजींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मोठ्या माणसानं चूक कबूल केलेली.”

“हं...”

“पण तुम्ही मारलं का नाही, ते कळल्याशिवाय भाषणाला शेवट नाही, गुरुजी.”

गुरुजींनी मैदानाकडे बघितलं.

“मारलं असतं,” ते म्हणाले, “तर कशाबद्दल मारलं, तेही सांगावं लागलं असतं.”

...



“दुसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन तालुक्याला गेलो,” गुरुजी सांगू लागले. “साहेबांचे आभार मानायला. साहेब म्हणाले, कसला साकव? नारळ तसाच परत आणला. वाटभर ठरवत आलो, तुला किती छड्या मारायच्या ते.”

“मग?”

“शाळेत आलो. ही पोर पहिल्या ओळीत बसलेली. खताच्या पिशवीचं दप्तर मांडीवर. बापानं आदल्या दिवशी शिवून दिलेलं.”

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. दौलत भोइट्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

“मग... काय केलंत?”

“काय करणार? साकवासाठी अर्ज लिहायला बसलो.”

गुरुजी दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तालुक्याला जायचे. आम्हाला वाटायचं, पगाराचं काम असेल. आणि पावसाळ्यात ओढा चढला की सकाळ-संध्याकाळ पाण्यात उतरायचे. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधलेला. आम्ही वाडीची पाच पोरं. एकेकाला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचे. खांद्यावर बसलं की त्यांच्या टोपीला घामाचा आणि खडूचा वास यायचा. तो वास मला अजून येतो, कधीही, वर्गात फळा पुसतानासुद्धा.

बाजारच्या दिवशी आबा त्यांना गाठायचे. “मास्तर, साकव कुठवर आला?”

“येतोय, सिदू. मंजूर झालाय.”

हे बोलणं मी कितीदा तरी ऐकलं होतं. ‘सदा खरे बोलावे’ हे शाळेच्या भिंतीवर गुरुजींनीच स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. खोटं बोललं की ते आम्हाला त्या भिंतीकडे तोंड करून उभं करायचे.

“तू एक दिवस खोटं बोललास, दौलत,” गुरुजी म्हणाले. “मी तीन वर्षं.”

दौलत भोइटे खाली पायरीवर बसले. गुरुजींच्या एक पायरी खाली.

“आणि बातम्या सांगायचं काम माझ्याकडून काढून घेतलंत, ते? मला ते छडीपेक्षा लागलं होतं. हट्टानं मी पुढं याच धंद्यात गेलो.”

“तू आणखी एखादी रचली असतीस, तर?... मला दोन साकव झेपले नसते.”

दौलत भोइटे मोठ्यानं हसले. मग हसता हसता थांबले.

“मग उद्या सांगू की नको?”

“सगळ्या गावाला सांगणं सोपं असतं रे. आधी सिदूला सांगून ये.”

“कोण सिदू?”

“हिचा बाप. त्यानं तुझ्या बातमीवर पोर शाळेत ठेवली. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

दौलत भोइट्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पताका बाजूला ठेवल्या, हाताची खळ पदराला पुसली आणि उठले.

साकवावरून आम्ही दोघं चालत निघालो. कठड्याचं लोखंड गंजलंय, पण पाया घट्ट आहे. मधोमध ते थांबले. खाली ओढा उन्हानं आटला होता, नुसते गोटे.

“बाई, तुम्हाला माझा राग आला असेल.”

“अजून कळत नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं.

आबा घरापुढच्या सावलीत लोकर कातत बसले होते. वय झालंय, ऐकायला कमी येतं, पण हात थांबत नाहीत. दौलत भोइटे त्यांच्यापुढं उभे राहिले. अख्ख्या महाराष्ट्राला रोज बातम्या सांगणारा माणूस, आणि आवाज फुटेना.

“आबा, मी दौलत. भोइट्यांचा. ती साकवाची बातमी... शाळेत सांगितली होती ती... मीच मनानं रचली होती. खोटी होती.”

आबांनी मान वर केली नाही.

“मला ठावं हाय.”

“कधीपासून?” हे मी विचारलं. आवाज माझाही चढला होता.

“त्याच पावसाळ्यात. बाजाराला गेल्तो, तवा कचेरीत इचारलं. कारकून हसाय लागला.”

“मग माझं नाव का नाही काढलंत?”

आता आबांचे हात थांबले.

“काढायलाच निघाल्तो. ओढ्यापातुर आलो आन् बघितलं. मास्तर कमरंएवढ्या पाण्यात. तू त्येंच्या खांद्यावर, पाटी डोक्यावर धरून. पाय घसरला त्येंचा एकदा... पर तुला पाणी लागू दिलं न्हाई. म्हटलं, जो माणूस आपल्या पोरीपायी पाण्यात उभा ऱ्हातो, त्येला आपण खोट्यात कसं पाडायचं?”

“आणि बाजारच्या दिवशी साकवाचं विचारायचात, ते?”

“इचारायचं थांबलो असतो, तर त्येंच्या ध्यानात आलं असतं, ह्येला कळलंय म्हणून.”

दौलत भोइटे तिथंच मातीत बसले. इस्त्रीच्या पँटीसकट. आबांनी उठून पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

परत येताना मला माझ्या सातवीच्या निकालाचा दिवस आठवला. सातवी पास झालेली वाडीतली पहिली मुलगी मी. आबांनी गूळ वाटला होता. पहिला खडा गुरुजींच्या हातावर ठेवला होता. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले होते आणि काही बोलले नव्हते. मला वाटलं होतं, पुरुष माणसं अशीच असतात.

“उद्या काय बोलणार?” मी दौलत भोइट्यांना विचारलं.

“आभार मानेन आणि बसेन.”

थोडं चालल्यावर ते म्हणाले, “ठकू, तुझी पाटी मी एकदा फोडली होती. आठवतं?”

“आठवतं,” मी म्हणाले. “तूच फोडलीस.”

गुरुजी पायरीवरच होते. दौलतनं त्यांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही रंगवलं नाही. टीव्हीवर मी त्याला रोज ऐकते, पण इतक्या साध्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“त्याच पावसाळ्यात?”

“हो, गुरुजी.”

“स्वतः कचेरीत जाऊन आला?”

“हो.”

...

गुरुजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतायत. मी जवळ गेले. ते हसत नव्हते.

बऱ्याच वेळानं त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठायचा प्रयत्न केला. त्यांचे गुडघे कधीचेच गेलेत. ओढ्याकडचा उतार ते चार-पाच वर्षांत उतरलेले नाहीत. दौलतनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

“कुठं निघालात, गुरुजी?” दौलत म्हणाला.

“सिदूकडं.”

“आता कशाला? त्यांना तर सगळं ठाऊक आहे.”

गुरुजी पायानं वहाण चाचपत होते. ती सापडल्यावर म्हणाले,

“त्याला ठाऊक आहे रे... पण मी अजून सांगितलेलं नाही.”