एकाच साच्यातल्या दोन होड्या

होड्या माणसांशी बोलत, तो काळ सरत आला होता तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका कारखान्यात फायबरच्या दोन मोटारहोड्या विकायला उभ्या होत्या. साचा एक, रंगही तोच निळा. द्रौपदी तांडेलीण त्यांच्याभोवती फिरून फिरून थकली. ती घेईल तीच होडी घेऊन तिचे मुलगे मासेमारीला जाणार होते, त्यामुळे निवड चुकून चालणार नव्हतं.

शेवटी तिने होड्यांनाच विचारलं, "भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय गं कराल?"

"माझं इंजिन बंद पडणारच नाही, बाय!" पहिली तोऱ्यात म्हणाली.

दुसरी जरा घुटमळली. "चाचणीला नेलं तेव्हा पडलं होतं. मी लाटेला आडवी झाले. वल्ही होती म्हणून कारखान्यातल्या पोरांनी मला वळवलं, नाहीतर उलटलेच असते."

द्रौपदीने दुसरीला हळदकुंकू लावलं आणि घरून वल्ही मागवली.

पहिली रडवेली झाली. "तिने तर स्वतःची खोड सांगितली. माझ्यात काय उणं होतं?"

"तुम्ही एकाच साच्यातल्या, म्हणजे खोडही एकच," द्रौपदी म्हणाली. "तुझी मात्र माझ्या पोरांना भर समुद्रात कळली असती."