कारभाऱ्याचा डोळा लागला

फार जुनी गोष्ट नाही. एका दूध डेअरीत जेवणाच्या डब्याएवढा एक सर्व्हर होता. त्याच्या पोटात दोन प्रोग्राम गुण्यागोविंदाने राहायचे. मापारी दूध मोजायचा आणि गारवा टाकीतलं दूध थंड ठेवायचा. डब्यावर उबेला एक मांजर झोपायचं.

मग त्याच पोटात तिसरा आला, कारभारी. आल्या आल्या त्याने निम्मी जागा अडवली आणि सारखा विचारू लागला, "काम चाललंय ना?"

"तुम्ही विचारत नसता तेव्हा चालतं," गारवा म्हणाला.

एकदा कारभाऱ्याने फर्मान काढलं, "सर्व्हर बंद करून नीट करायचाय. सगळे झोपा. नंतर मी उठवतो."

"पण तुम्हीही ह्याच डब्यात राहता," मापारी म्हणाला. "तुम्हाला कोण उठवणार?"

"कारभाऱ्याला उठवावं लागत नाही!" असं खेकसून त्याने डबा बंद केला. त्याच्यासकट सगळे गाढ झोपले.

टाकीतलं दूध नासलं. डबा गार पडला म्हणून मांजर चिडलं आणि त्याने पंजा हाणला, तो नेमका बटणावर.

सगळे जागे झाले. नासक्या दुधाचा वास येताच कारभारी कडाडला, "बघा! माझा जरा डोळा लागला, तर ही तुमची तऱ्हा!"