म्हाळसाईचं बाळोतं

बोरवंडला अजून रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. म्हाळसाई तिथली सुईण. तिच्या हातात आलेलं मूल रडल्यावाचून राहत नसे, असं म्हणतात.

गावाची रीत अशी, की बारा दिवस बाळानं उंबरा ओलांडायचा नाही आणि त्याची बाळोती उन्हात घालायची नाहीत, नजर लागते. ती बाळंतिणीच्या खोलीतच ओवा-शेपांच्या धुरीवर वाळायची. ही रीत म्हाळसाईच सगळ्यांना बजावायची. तरी दर वर्षी एखादं तान्हं तापायचं, पिवळं पडायचं, दूध सोडायचं आणि जायचं. सटवाईनं नेलं, असं लोक म्हणायचे. म्हाळसाईही तेच म्हणायची.

मग तिच्या लेकीचं, रखमीचं, बाळ आठव्या दिवशी तापलं. म्हाळसाईनं धुरी वाढवली. अकराव्या दिवशी बाळ गेलं.

त्याला पुरून आल्यावर तिनं बाळोती अंगणात आणून टाकली. धूर उडाला, ऊन लागलं, आणि एका बाळोत्यातून पिकल्या गळवासारखा वास आला. तिनं ते नाकाशी धरून पुन्हा हुंगलं.

"सटवाई नव्हती गं," ती रखमीला म्हणाली. "त्याचं मूतच आतून नासलं होतं. मी वास धुरानं झाकला."

रखमी वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

तेव्हापासून म्हाळसाई घरोघर बाळोती हुंगत फिरू लागली. बाया हसायच्या, "आली बघा मुताची पारखीण! अत्तर शिंपडून ठेवू का?"

"शिंपड बाई, पण बाळोत्यावर नको."

एका पावसाळ्यात पाटलांचा नऊ दिवसांचा नातू तापला. म्हाळसाईनं बाळोतं हुंगलं. "आत्ताच्या आत्ता नदीपलीकडच्या दवाखान्यात न्या."

"बाराव्याआधी उंबरा ओलांडायचा नाही, हे तूच सांगितलंस ना?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"चुकले मी, वहिनी. त्या चुकीपायी माझं एक लेकरू गेलं. तुमचं नको."

तिनं ते बाळोतं कमरेला खोचलं, मूल टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि पुरात उतरली. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. डॉक्टरांनी सुया टोचल्या. पण बाळाला आईचं दूध हवं होतं. आईला आणायला म्हाळसाई पुन्हा नदीत उतरली, आणि या खेपेला नदीनं वाट दिली नाही.

पूर ओसरल्यावर आई पोचली, तेव्हा दवाखान्यातल्या साखरपाण्यावर तगून मूल वाचलं होतं. म्हाळसाई सापडली नाही. तिच्या कमरेला खोचलेलं बाळोतं तेवढं काठच्या बाभळीवर मिळालं, भर पावसात कोरडं, असं म्हणतात. रखमीनं ते हुंगलं. नुसत्या उन्हाचा वास होता.

अजून बोरवंडला बाळाचं पहिलं बाळोतं त्या बाभळीवर उन्हात घालतात आणि घरातली थोरली बाई ते हुंगते. पण बाळ तापलं असेल, तर वास येवो न येवो, ती बाई बाराव्याची वाट बघत नाही. पायांत चपला सरकवत म्हणते, "म्हाळसाईचं नाक आपल्याला कुठलं? उठा, निघा."